शाळेच्या ऑफिसातली नोकरी : दारं किती, वाट कशी

घरात बी.कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी असली की सल्ले ठरलेले असतात. बँकेच्या परीक्षा दे, एखाद्या सी.ए.कडे चिकट, टॅली शिकून घे. शाळेचं नाव निघतं ते बी.एड. करायचं असेल तरच. पण महाराष्ट्रात लाखावर शाळा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सरकारी पैशावर चालतात. काही जिल्हा परिषदेच्या, काही महापालिका-नगरपालिकांच्या, तर काही संस्थेच्या असूनही अनुदानित. शिक्षकांचे पगार, पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश, गळक्या वर्गखोलीची दुरुस्ती, यातलं काहीच आपोआप होत नाही. पैसा कुणीतरी मागावा लागतो, मंजूर करून घ्यावा लागतो, नियमात बसवून खर्च करावा लागतो आणि मार्चअखेर त्याचा हिशेब द्यावा लागतो. हे काम करणाऱ्यांची शाळेच्या लिपिकापासून जिल्हा परिषदेच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यापर्यंत एक अख्खी उतरंड आहे. हिशेबाची आवड आणि कागद वाचायचा धीर असलेल्या माणसासाठी ही वाट चांगली आहे. मात्र तिची दारं वेगवेगळी आहेत आणि चुकीच्या दारातून आत गेलेल्याला बाहेर पडायला वर्षं लागतात. म्हणून आधी दारं बघू.

जिल्हा परिषदेचं दार

हे सगळ्यात मोठं आणि माझ्या मते सगळ्यात सरळ दार. इथे कनिष्ठ सहाय्यक, कनिष्ठ सहाय्यक (लेखा), वरिष्ठ सहाय्यक (लेखा), कनिष्ठ लेखाधिकारी अशी गट-क ची पदं असतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी मिळून 19,460 जागांची जाहिरात काढली, त्यात ही पदंही होती. परीक्षा आयबीपीएसने घेतली. त्याआधीची 2019 ची जाहिरात मात्र परीक्षा न होताच रद्द झाली, मुलांची वयं तेवढी वाढली. त्यामुळे एकाच भरतीवर डोळे लावून बसू नका. खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 ही वयाची मर्यादा दूरची वाटते, पण दोन भरत्या हुकल्या की ती अंगावर येते.

कनिष्ठ सहाय्यकाची वेतनश्रेणी 19,900 पासून सुरू होते, वरिष्ठ सहाय्यकाची 25,500 पासून. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. लेखा शाखेची शिडी स्पष्ट आहे: कनिष्ठ सहाय्यक, वरिष्ठ सहाय्यक, कनिष्ठ लेखाधिकारी, सहायक लेखाधिकारी, लेखाधिकारी. विभागीय परीक्षा वेळेत पास होणारा पुढे सरकतो, टाळणारा तिथेच राहतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. जिल्हा परिषदेचा लिपिक शाळेत क्वचितच बसतो. तो बसतो पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, नाहीतर मुख्यालयात शिक्षण किंवा अर्थ विभागात. उद्या बदली होऊन बांधकाम किंवा पाणीपुरवठ्याचं टेबलही मिळू शकतं. शाळेशीच नातं ठेवायचं असेल तर शिक्षण विभागाचं टेबल मागून घ्यावं लागतं. गंमत अशी की ते फारसं कुणी मागत नाही, कारण तिथे काम जास्त.

संस्थेचं दार, आणि त्याआधी विचारायचे प्रश्न

अनुदानित खासगी शाळेत कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक ही पदं असतात. पगार शासन देतं, नेमणूक संस्था करते, आणि सेवेचे नियम 1977 चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली यांतून येतात. शिक्षकांची भरती पवित्र पोर्टलवरून होऊ लागली असली तरी शिक्षकेतरांची अजून संस्थेच्याच हातात आहे. इथेच गोम आहे.

गावोगावी एक बोलणं कानावर येतं. 'जागा निघणार आहे, आत्ता एवढे द्या, मुलगा उद्यापासून येऊ दे, पगाराचं बघू.' बघू म्हणता म्हणता वर्षं जातात. मुलगा बिनपगारी राबतो, मस्टरवर सहीही दोन प्रकारची होते आणि घेतलेले पैसे कुठल्याच कागदावर नसतात. पैसे देऊन नोकरी घेणं गुन्हा आहे, हे तर झालंच. व्यवहार म्हणून पाहिलं तरी तो आतबट्ट्याचा आहे, कारण पगार द्यायचा की नाही हे संस्थाचालकाच्या हातात नसतंच.

म्हणून संस्थेत बोलावणं आलं तर आधी हे विचारा, आणि तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. चालू संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर पदांच्या यादीत, हे पद आहे का? शिक्षकेतर पदं पटावर ठरतात. 2019 च्या जानेवारीत आलेल्या सुधारित आकृतिबंधामुळे कितीतरी शाळांत पूर्वी असलेली जागा आज उरलेली नाही. जागा कुणाच्या निवृत्तीने किंवा राजीनाम्याने रिकामी झाली? बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाची नोंदवही, विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतली आहे का, आणि ही जागा कुठल्या प्रवर्गाची निघते? भरतीला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आहे का? जाहिरात कुठल्या दैनिकात, कुठल्या तारखेला आली? जिल्ह्यात अतिरिक्त ठरलेला कर्मचारी समायोजनाच्या रांगेत असेल तर आधी त्याचा हक्क. या सगळ्यानंतर शिक्षणाधिकारी तुमच्या नावाने वैयक्तिक मान्यता देतात, मग शालार्थ या शासनाच्या पगार प्रणालीतला आयडी मिळतो आणि मगच पगार सुरू होतो. साखळीतला एक दुवा कच्चा असला तर पुढे कधीही मान्यता रद्द होऊन वसुली लागू शकते.

शालार्थ आयडी म्हणजे केवळ एक क्रमांक असं समजणाऱ्यांनी नागपूर विभागाचं प्रकरण आठवावं. 2025 मध्ये तिथे बनावट आयडी तयार करून पगार काढले गेल्याचं उघडकीस आलं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमावं लागलं. अशा प्रकरणात लिपिकाचं नाव शेवटी येतं, पण येतं. सही त्याची असते.

बढतीचंही आधी पाहून घ्या. सेवाज्येष्ठता संस्थेपुरती असते. दहा-बारा शाळांच्या संस्थेत मुख्य लिपिकाची खुर्ची कधीतरी रिकामी होते. एकाच शाळेच्या संस्थेत वरचा माणूस निवृत्त होईपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नाही.

बाकीची दारं

अधिकारी म्हणून यायचं तर लोकसेवा आयोग. राज्यसेवेतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत सहायक संचालक होता येतं. सुरुवातीचं मूळ वेतन 56,100, आणि जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी याच सेवेतून येतात. शिक्षण सेवेच्या प्रशासन शाखेतून उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी होतात. पगाराच्या बिलांवर अख्ख्या जिल्ह्याच्या शाळा अवलंबून असतात ती जागा म्हणजे वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाचा अधीक्षक. बाहेरच्यांना हे पदच माहीत नसतं, शिक्षकांना मात्र मुख्यमंत्र्यांच्या खालोखाल तेच नाव पाठ असतं.

केंद्रीय विद्यालय संघटन आणि नवोदय विद्यालय समिती यांची भरती देशपातळीवर होते. कनिष्ठ सचिवालय सहायकापासून वित्त अधिकाऱ्यापर्यंत पदं आहेत, पण बदली देशात कुठेही. घर सोडायची तयारी असेल तर दार चांगलं आहे.

समग्र शिक्षा अभियानात लेखापाल, माहिती प्रणालीचे समन्वयक, डाटा एंट्री ऑपरेटर अशी कंत्राटी माणसं काम करतात. कायम करण्याची त्यांची मागणी जुनी आहे, आंदोलनं होत राहतात. तिथे दोन-तीन वर्षं शिकायला जावं, निवृत्तीपर्यंतचा बेत मांडू नये.

कामाचं स्वरूप : पंचवीस हजारांचा प्रवास

पगारपत्रकं भरणं आणि दाखले देणं म्हणजे शाळेचं ऑफिस, असा समज असतो. एक छोटी रक्कम घेऊन तिच्या मागे चालून पाहू. समग्र शिक्षेतून शाळांना पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. 30 पटापर्यंत 10 हजार, 31 ते 100 पटाला 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार आणि त्यावर एक लाख. समजा, आपली शाळा 64 पटाची, म्हणजे 25 हजार. त्यातले किमान 10 टक्के, अडीच हजार, स्वच्छतेवर खर्च करायचे.

पूर्वी ही रक्कम शाळेच्या खात्यात येऊन पडायची. 2021 पासून पद्धत बदलली. पैसा राज्यस्तरावरच्या एका खात्यात राहतो, शाळेला पीएफएमएस प्रणालीवर फक्त खर्चाची मर्यादा मिळते. मर्यादा वेळेत वापरली नाही तर ती परतही जाते. शाळेने काय करायचं? आधी शाळा व्यवस्थापन समितीची सभा. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे 2009 च्या कायद्याने, या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. सभेत ठराव: फळा रंगवायचा, दोन ट्यूबलाइट, स्वच्छतागृहाचं दार, फिनेल आणि हार्पिक. मग दरपत्रकं, मग पुरवठ्याचा आदेश, मग वस्तू, मग बिल. बिलावर साठा नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक टाकायचा, 'वस्तू मिळाल्या, मोजून घेतल्या' असा शेरा मारायचा. प्रणालीवर एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची, पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात. मग रोजकीर्दीत नोंद, प्रमाणक क्रमांक, खतावणी, महिनाअखेर बँकेशी ताळमेळ, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र.

लेखापरीक्षक आला की पहिल्यांदा तारखा बघतो. ठराव 14 फेब्रुवारीचा आणि बिल 9 फेब्रुवारीचं असेल तर आक्षेप तिथेच लागला. मग दरपत्रकं पाहतो. तीन दुकानांची दरपत्रकं एकाच अक्षरात, एकाच निळ्या शाईत, आणि तिन्हींत 'ट्युबलाईट'चं शुद्धलेखन सारखंच चुकलेलं, हे दृश्य त्याच्या रोजच्या परिचयाचं आहे. खर्च खरा असतो, वस्तू भिंतीवर लागलेली दिसते, तरी कागद खोटा म्हणून आक्षेप राहतो आणि मुख्याध्यापकाच्या निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र अडतं. या धंद्यातलं खरं कौशल्य बेरीज-वजाबाकीत नाही. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधी व्हायला हवी, हे ज्याला कळतं तो चांगला लेखा-कारकून.

पगाराचं तसंच. शालार्थवर दर महिन्याचं देयक चढवताना कोण रजेवर, कुणाची वेतनवाढ, कुणाची निवृत्ती, हे बघायचं. व्यवसाय कर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची कपात वेगळी, आधीच्यांची वेगळी, आणि त्या तारखेआधी नेमलेले पण शाळा नंतर शंभर टक्के अनुदानावर आलेले कर्मचारी, त्यांचा वाद तर न्यायालयापर्यंत गेलेला. तिमाहीचं आयकर कपातीचं विवरण भरायला उशीर झाला की दिवसाला 200 रुपये शुल्क चढतं. ही रक्कम कुठल्या शीर्षाखाली टाकायची याला उत्तर नसतं, म्हणजे ती कुणाच्या तरी खिशातून जाते.

प्रशासनाच्या बाजूला सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, मागची शाळा. एकदा लिहिलेली नोंद मुख्याध्यापकालाही स्वतःच्या अधिकारात खोडता येत नाही, बदलासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शाळा सोडून गेलेल्याची नोंद तर आणखी काटेकोर. 2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी तपासणाऱ्या न्या. शिंदे समितीसाठी शोध सुरू झाला तेव्हा शाळांच्या कपाटांतली जुनी रजिस्टरं, काही मोडीतली, बाहेर निघाली. कुणी तरी शंभर वर्षांपूर्वी नीट लिहून नीट जपलेली पानं तेव्हा कामाला आली. जिथे वाळवीने खाल्ली होती तिथल्या घरांना उत्तर नव्हतं. गावातला एखादा वजनदार माणूस 'जन्मतारखेचं जरा बघा' म्हणत येतो तेव्हा या पानांची आठवण ठेवा.

शिकायचं काय

टंकलेखनाची प्रमाणपत्रं, मराठी 30 आणि इंग्रजी 40, आणि एमएस-सीआयटी, ही दाराची किल्ली. ती कॉलेजात असतानाच काढून ठेवा. टॅली येत असेल तर वाईट नाही, पण शाळेचा हिशेब टॅलीवर चालत नाही. एक्सेल मात्र चांगलं यायला हवं. पटाचे, पगाराचे, तांदळाचे तक्ते रोज मागवले जातात आणि ते परवा हवे होते असंच पत्र येतं.

त्यानंतर पुस्तकं. जिल्हा परिषदेत जाणार असाल तर 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आणि 1968 ची लेखा संहिता. संस्थेत जाणार असाल तर खासगी शाळा कर्मचारी नियमावली आणि माध्यमिक शाळा संहिता. दोन्हीकडे नागरी सेवा नियम, विशेषतः रजा, वेतन आणि निवृत्तिवेतनाचे. खरेदीसाठी 1 डिसेंबर 2016 चा उद्योग विभागाचा शासन निर्णय. पुस्तकं कोरडी आहेत, मान्य. पण ऑफिसात बहुतेक लोक नियम वाचत नाहीत, 'आधीच्या साहेबांच्या वेळी असंच व्हायचं' यावर चालतात. मूळ नियम वाचलेला एक माणूस असला की सहा महिन्यांत शेजारच्या टेबलांवरून विचारणा सुरू होते, वर्षात साहेब फाइल त्याच्याकडे पाठवायला लागतात. या क्षेत्रात पुढे गेलेली जी माणसं मी पाहिली, त्यांच्यात सारखी गोष्ट हीच.

शासन निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांवर काम करू नका. प्रत्येक निर्णयावर संगणक संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उघडा, आणि मग पाहा की त्यानंतर शुद्धिपत्रक किंवा अधिक्रमित करणारा निर्णय आला आहे का. शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचा. सवलत पहिल्या पानावर असते, अट शेवटच्या.

टिपणी लिहायला शिका. विषय काय, नियम काय सांगतो, मागे याच प्रकारच्या प्रकरणात काय झालं, पर्याय कोणते, प्रस्ताव कोणता. एका पानात. नियमात न बसणारं काम साहेबांनी सांगितलं तर तोंडाने वाद घालू नये, टिपणीत नियम लिहून 'आदेशार्थ सादर' करावं. बहुतेक वेळा फाइल तिथेच थांबते. थांबली नाही तरी तुम्ही काय लिहिलं होतं ते नस्तीत राहतं. पंचायत राज समितीच्या दौऱ्यात, स्थानिक निधी लेखापरीक्षेत किंवा महालेखाकारांच्या तपासणीत वाचलं जातं ते एवढंच.

नोकरी लागल्यावर शिक्षण चालू ठेवायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत, नीपात, याच विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि संशोधन चालतं. खात्यातल्यांची प्रशिक्षणं यशदा आणि छत्रपती संभाजीनगरच्या मिपा संस्थेत होतात. प्रशिक्षणाचं पत्र आलं की टेबलावर काम आहे म्हणून नाव कापून घेणारे खूप असतात. तुम्ही जा.

पहिला आठवडा

रुजू झाल्यावर आधीचा माणूस घाईत असतो. 'सगळं कपाटात आहे, सही करा' म्हणतो. कार्यभाराची यादी केल्याशिवाय सही करू नका. रोजकीर्दीची शिल्लक आणि बँकेची शिल्लक त्याच दिवशीची, दोन्ही आकडे लिहून, फरक असेल तर फरकही लिहून. कोरे, वापरलेले आणि रद्द धनादेश क्रमांकांसह. पावती पुस्तकं आणि कोरे शाळा सोडल्याचे दाखले, पहिला व शेवटचा क्रमांक. सेवापुस्तकं मोजून, कुणाची पडताळणी कुठल्या वर्षापर्यंत झाली ते टाकून. पोषण आहाराचा तांदूळ पोती मोजून नव्हे, वजन करून. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम या हिशेबाने नोंदवहीतली शिल्लक जुळते का ते पाहून. शालार्थ, पीएफएमएस आणि शाळेची माहिती भरायची युडायस यांची लॉगिनं कुठल्या मोबाइल क्रमांकाला जोडली आहेत तेही विचारा, नाहीतर ओटीपी आधीच्या माणसाच्या फोनवर जात राहील आणि तो पुण्याला मुलाकडे गेलेला असेल. अनुपालन न झालेले लेखा आक्षेप वर्षवार. आणि जे मोजता आलं नाही त्यापुढे 'प्रत्यक्ष तपासणी बाकी' असं लिहून, तारीख टाकून, दोघांची आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवा. जनरल रजिस्टरचे खंड त्या यादीत वेगळे लिहा, पानांच्या संख्येसकट.